म्हापशात नव्याने आलास ना, मग हे वाच

नोकरीच्या आधी कोरडी जागा बघ. जून लागला की इथली ओल हाडात शिरते. स्टँडवर झोपावं लागलं तर बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळ आणि कागदपत्रं दुहेरी प्लॅस्टिकमध्ये ठेव.

शुक्रवारी पहाटे बाजारात जा. टेम्पो उतरवायला हात लागतातच. मजुरी बेताची, पण खरी कमाई वेगळी: दर आठवड्याला तेच तोंड दिसलं की कुणीतरी नाव विचारतं, चहा पाजतं. मला खोली एका नारळवालीच्या शब्दावर मिळाली. डिपॉझिटला पैसे नव्हते. "पोर रोज येतं, पळणार नाही," एवढंच ती घरमालकाला म्हणाली. दलाल मात्र आधी पैसे मागतात, त्यांच्या नादी लागू नकोस. खोली मिळाली की भाडेकरू पडताळणीचा फॉर्म घरमालकाकडून पोलिसांत भरून घे.

गावाकडच्या अन्नसुरक्षा योजनेतल्या रेशनकार्डात नाव असेल आणि आधार जोडलेलं असेल, तर इथल्या रास्त भावाच्या दुकानातही धान्य मिळतं. हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. जेवणाचं विचारायला लाजू नकोस. लाजून मीही उपाशी झोपलोय. ताप अंगावर काढू नकोस, सरळ सरकारी इस्पितळात जा. आणि आईला फोन कर, आजच.