डॉक्युमेंटेशनसाठी प्रोजेक्टचं व्हर्जन हलवू नकोस

प्रिय दोस्त,

प्रोजेक्टमध्ये डॉक्युमेंटेशनचं टूल बसवताना आलेल्या एररचा तुझा स्क्रीनशॉट पाहिला. प्रोजेक्ट रिअ‍ॅक्ट 17 वर (रिअ‍ॅक्ट म्हणजे वेबपानं बनवायची लायब्ररी), डॉक्सची साइट बनवणाऱ्या डॉक्युसॉरस 3 ला किमान 18 हवं, आणि पॅकेजेस बसवणारं एनपीएम 'ईरिझॉल्व्ह' (व्हर्जन्स जुळत नाहीत) म्हणत अडून बसलं. मग '--लेगसी-पीअर-डेप्स' हा फ्लॅग लावून तू वाट काढलीस. भांडण मिटलं नाही, एनपीएमने नुसता कानाडोळा केला. तो फ्लॅग न देता सर्व्हरवर 'एनपीएम सीआय' (सगळी पॅकेजेस नव्याने बसवणारी कमांड) चालवलंस की बहुधा तिथेच बिल्ड आपटेल.

आधी 'एनपीएम एक्सप्लेन रिअ‍ॅक्ट' चालव. कोण कुठलं व्हर्जन मागतंय ते कळतं. कधीकधी मूळ टूल निर्दोष असतं, जुनं प्लगइन अडून बसलेलं असतं. तुझ्याकडे मात्र टूललाच 18 हवंय.

आता सांग, डॉक्सची साइट तुझा कोड चालवते की नुसता मजकूर दाखवते? नुसतं मार्कडाउन असेल तर डॉक्सचं फोल्डर वेगळं कर. त्याची पॅकेज फाइल, लॉकफाइल (नेमक्या व्हर्जन्सची नोंद) वेगळी. वर्कस्पेसमध्ये (अनेक पॅकेजेस एकत्र सांभाळायची एनपीएमची सोय) घेऊ नकोस, नाहीतर पॅकेजेस वरच्या फोल्डरमध्ये सरकतात आणि पुन्हा तीच सरमिसळ.

लाइव्ह डेमो, म्हणजे तुझा कोड खरंच चालवणारे नमुने, असतील तर मात्र जपून. समज, डेमोतल्या तुझ्या बटणाची फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आहे. बंडलर (सगळ्या फाइल्स एकत्र बांधणारं टूल) तिच्या जागेपासून वर वर शोधत जातो आणि त्याला 17 सापडतं. पान मात्र 18 वर रेंडर होतंय. मग 'इनव्हॅलिड हुक कॉल' हा एरर येतो (हुक्स म्हणजे रिअ‍ॅक्टची खास फंक्शन्स). त्या मेसेजमध्ये तीन शक्यता दिलेल्या असतात आणि सगळे जण हुक्सचे नियम तपासत बसतात. तू थेट तिसरी बघ: रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती. वेबपॅक या बंडलरच्या एलियसमध्ये (कुठलं नाव कुठल्या प्रतीकडे न्यायचं ती सेटिंग) 'रिअ‍ॅक्ट' आणि 'रिअ‍ॅक्ट-डॉम' दोन्ही डॉक्सच्या प्रतीकडे वळव. पण मग डेमो 18 वर चालतोय आणि वापरणारे 17 वर, हे विसरू नकोस. डेमो 17 वरच दाखवायचा असेल तर त्याचं पान वेगळं बिल्ड करून आयफ्रेममध्ये (पानात दुसरं पान दाखवणारी चौकट) बसव. दिसायला ओबडधोबड, पण मला हाच मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो.

डॉक्ससाठी अख्खा प्रोजेक्ट 18 वर नेण्याचा मोह होईल. नेऊ नकोस. त्यात रूट (अ‍ॅप पानाला जोडणारा भाग) तयार करण्याची पद्धत बदलते, स्टेट अपडेट्स एकत्र होण्याची रीत बदलते. ते काम त्याच्या वेळी, वेगळ्या ब्रँचवर.

आणि पुढच्या वेळी स्क्रीनशॉट नको, एक्सप्लेनचं आउटपुट मजकूर म्हणून पाठव. मला त्यात शोधता येतं.

तुझा शुभचिंतक