कॉन्यूर चावला, जबाबदारी कोणाची?

प्रश्न : आमच्याकडे दोन वर्षांचा सन कॉन्यूर (पोपटाची एक छोटी परदेशी जात) आहे. पिल्लू असताना तो दिवसभर कोणाच्या तरी खांद्यावर बसलेला असे. गेल्या काही महिन्यांपासून मात्र हात जवळ नेला की तो चावतो आणि संध्याकाळी कर्कश ओरडत राहतो. मागच्या आठवड्यात शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीच्या बोटाला त्याने कडकडून चावा घेतला आणि रक्त आले. शेजाऱ्यांनी बोलणे टाकले आहे, सोसायटीकडेही तक्रार गेली आहे. पक्षी विकणारा म्हणतो की पंख छाटा आणि ओरडला की पिंजऱ्यावर कापड टाका. पक्षी स्वभावानेच तापट असेल तर तो देऊन टाकावा, असा घरात विचार चालू आहे. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी त्या मुलीविषयी. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवून डॉक्टरांना दाखवली नसेल तर अजूनही दाखवावी आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल त्यांना विचारावे. रेबीजची भीती शेजाऱ्यांच्या मनात असेल तर ती दूर करावी, कारण तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे आणि पक्ष्याच्या चाव्यातून होत नाही. मात्र हे सांगायला आपण स्वतः त्यांच्या घरी जावे, आणि जाताना ‘तो असा कधी करत नाही’ हे वाक्य घरीच ठेवावे. पक्ष्याला पाहुण्यांपासून किती अंतरावर ठेवायचे, त्याला हात कोणी लावायचा, हे ठरवणे आपल्या हातात होते. सहा वर्षांच्या मुलीने ते ओळखावे, ही अपेक्षाच चुकीची ठरते. यापुढे घरात बाहेरचे मूल असेल तेव्हा पक्षी पिंजऱ्यात आणि पिंजरा मुलाच्या हाताबाहेर, हा नियम कोणताही अपवाद न करता पाळावा.

आता पक्ष्याविषयी. सन कॉन्यूर मूळचा गयाना आणि उत्तर ब्राझीलचा, थव्याने राहणारा पक्षी आहे आणि दोन वर्षांच्या सुमारास तो वयात येतो. आपण सांगितलेला बदल नेमका याच वयातला आहे. तरीही अचानक चावू लागलेल्या पक्ष्याच्या बाबतीत पहिली शंका वेदनेची घ्यावी, म्हणून पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. पक्षी आजार लपवतात आणि बऱ्याचदा घटलेले वजन हेच पहिले लक्षण असते, तेव्हा ग्रॅममध्ये मोजणारा काटा घेऊन वजनाची नोंद ठेवण्याची सवय आजपासूनच लावून घ्यावी.

तपासणीत काही आढळले नाही तर घरातील आपल्या वागण्याकडे पाहावे लागेल. या जातीच्या पक्ष्याला आपण प्रेमाने पाठीवर आणि पंखांखाली कुरवाळतो, तेव्हा त्याच्या शरीराला तो जोडीदाराचा स्पर्श वाटतो. सोफ्याखालची अंधारी जागा, खोके, कपाटाचा कोपरा त्याला घरटे वाटतात. त्यात रात्री अकरापर्यंत दिवे आणि टीव्ही चालू असला की दिवस मोठा होतो आणि विणीचा हंगाम जणू संपतच नाही. अशा अवस्थेतला पक्षी आपली जागा आणि आपला माणूस राखू पाहतो. म्हणून स्पर्श डोके आणि मान एवढ्यापुरताच ठेवावा, अंधारे कोपरे बंद करावेत आणि त्याला रोज दहा ते बारा तास शांत, काळोखी झोप मिळू द्यावी. एवढ्याने अनेक पक्षी काही आठवड्यांत निवळतात.

चावण्यापूर्वी कॉन्यूर सहसा इशारा देतो. डोळ्यांच्या बाहुल्या झरझर लहान-मोठ्या होतात, मानेवरची पिसे उभी राहतात, शेपटी पसरते किंवा तो अंग आक्रसून मागे सरकतो. हा इशारा आपण पाहिला नाही आणि हात पुढे नेतच राहिलो, तर त्याच्याकडे चोच उरते. चावल्यावर हात दूर जातो, हे एकदा कळले की पुढच्या वेळी तो इशारा न देताच चावतो. आपण ओरडलो, पिंजरा हलवला किंवा चोचीवर टिचकी मारली, तर हात ही भीतीची वस्तू असल्याचे त्याला पटते. उपाय सावकाश करावा लागतो. काही दिवस हाताऐवजी छोट्या लाकडी दांडीवर चढायला शिकवावे, चढला की लगेच सूर्यफुलाची एक बी द्यावी, आणि इशारा दिसला की थांबावे. थांबल्याने पक्षी शेफारतो असा समज आहे. माझा अनुभव उलट आहे, ज्याचा इशारा ऐकला जातो त्याला चावण्याची गरज कमी पडते. हे काम घरातील सर्वांनी एकाच पद्धतीने करायला हवे. आईने थांबायचे आणि मुलाने गंमत म्हणून चिडवायचे, असे चालले तर पक्षी सुधारणार नाही.

ओरडण्याचेही तेच. सकाळ-संध्याकाळ थव्याला हाका मारणे हा त्याचा धर्म आहे आणि तो पूर्ण बंद होणार नाही, ही गोष्ट पक्षी घेण्यापूर्वी विक्रेत्याने सांगायला हवी होती आणि आपणही विचारायला हवी होती. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत सन कॉन्यूर पाळणे अवघड आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही त्रास कमी करता येतो. तो हळू आवाजात किलबिलतो तेव्हा शीळ घालून उत्तर द्यावे, ओरडतो तेव्हा धावत जाऊ नये आणि ओरडण्याच्या वेळेआधीच त्याला कुरतडायला मऊ लाकूड, नारळाची करवंटी किंवा पानांसकट शेवग्याची डहाळी द्यावी. पिंजरा शेजाऱ्यांच्या भिंतीपासून आणि गॅलरीपासून आत घ्यावा. भर संध्याकाळी कापड टाकून त्याला अंधारात कोंडणे ही शिक्षा आहे आणि तिचा अर्थ त्याला कळत नाही. पंख छाटल्याने चावणे थांबत नाही. उलट पळण्याचा मार्ग गेला की चोचीचा वापर वाढू शकतो. शिवाय छाटलेल्या पंखांचा पक्षी गॅलरीतून वाऱ्याबरोबर खाली जाऊ शकतो आणि परत येऊ शकत नाही.

देऊन टाकण्याबद्दल एवढेच सांगेन की हा पक्षी वीस वर्षांहून अधिक जगू शकतो आणि हीच वागणूक तो पुढच्या घरी घेऊन जाईल. प्रयत्न करूनही जमले नाही आणि मोकळ्या जागेत राहणारे, अनुभवी कुटुंब मिळाले, तर त्याचा इतिहास न लपवता द्यावा. सन कॉन्यूर साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात असल्याने २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते आणि मालक बदलला तर तेही कळवावे लागते. ही नोंद केली नसेल तर आधी ते काम उरकावे.

प्रश्न : स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत आमच्या बजीची (बजरीगर या छोट्या पोपटाची) जोडी होती. नॉन-स्टिक तवा गॅसवर रिकामाच राहिला आणि तासाभरात दोन्ही पक्षी मेले. घरातल्या माणसांना काहीच झाले नाही. याचा तव्याशी संबंध असू शकतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : असू शकतो, आणि आपण सांगितलेला क्रम पाहता तेच कारण सर्वाधिक संभवते. या तव्यांवरील टेफ्लॉनचा थर साधारण २८० अंश सेल्सियसच्या पुढे तापला की त्यातून पक्ष्यांना मारक वायू निघतात, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तिथपर्यंत पोहोचतो. पक्ष्यांच्या फुप्फुसांना वायुकोशांची, म्हणजे हवेच्या पिशव्यांची जोड असते. त्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही फुप्फुसांतून ताजी हवा वाहते आणि आपल्याला न जाणवणारा धूर त्यांच्या शरीरात फार वेगाने शिरतो. फुप्फुसांत रक्तस्राव होऊन पक्षी मरतो आणि दवाखान्यात पोहोचायलाही बहुधा वेळ मिळत नाही. आपले दुःख मी समजू शकतो. हे धोके पक्षी विकताना कोणी सांगत नाही.

पुन्हा पक्षी आणणार असाल तर पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा आणि लोखंडी किंवा बिडाचा तवा वापरावा. काही सँडविच मेकर, एअर फ्रायर आणि इस्त्र्यांवरही हाच थर असतो. डासांची कॉइल, उदबत्ती, सुगंधी मेणबत्त्या आणि कीटकनाशकांचे फवारे पक्ष्यांच्या खोलीत नकोत. पक्षी मोकळा सोडण्यापूर्वी छताचा पंखा बंद आहे, खिडक्या लावलेल्या आहेत आणि पाण्याची बादली झाकलेली आहे, हे पाहिल्याशिवाय पिंजऱ्याचे दार उघडू नये. खाण्यात अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा आणि चहा-कॉफी पूर्णपणे टाळावीत.

प्रश्न : आजीने घरट्यातून पडलेले पोपटाचे पिल्लू वाढवले होते. आता आजी नाही. बारा वर्षांच्या या पोपटाला सोडून द्यावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्याकडचा हिरवा पोपट हा वन्यजीव आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्याला घरात ठेवता येत नाही. आजींनी ते जीव लावून केले असले तरी कायदा हाच आहे. पण खिडकी उघडून त्याला उडवून देणे हा उपाय नाही. बारा वर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत लांब उडण्याची ताकद नसते, अन्न शोधणे आणि शिकारी पक्षी ओळखणे तो शिकलेला नसतो, आणि माणसाला न घाबरणारा पोपट पुन्हा कोणाच्या तरी पिंजऱ्यात किंवा मांजराच्या तोंडी जाण्याचाच संभव अधिक. आपण महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा जवळच्या वन परिक्षेत्र कार्यालयात स्वतःहून कळवावे आणि पोपट त्यांच्याकडे सुपूर्द करावा. तो मुक्त करण्यायोग्य आहे की त्याने उरलेले आयुष्य बचाव केंद्रातच काढायचे, हे तेथील पशुवैद्यक तपासून ठरवतील. नेताना त्याची रोजची दांडी सोबत द्यावी आणि तो काय खातो, किती वाजता झोपतो, कोणत्या हाकेला ओ देतो, हे एका कागदावर लिहून द्यावे; नव्या जागी पहिले काही दिवस तो खाईल की नाही, हे बऱ्याच अंशी या माहितीवर अवलंबून असते.