चाळीस बेडूक, सगळे सारखेच!

प्रश्न: आमच्या पैदास केंद्रात एका दुर्मिळ जातीचे ४० बेडूक आहेत, कोण कोणाचं पिल्लू याची नोंद ठेवायचीय पण सगळे सारखेच दिसतात. बोटाचं टोक कापून खूण करतात म्हणे, ते काही जिवावर येतं. चिप बसवावी का?

उत्तर: जिवावर येतं ते बरंच आहे. जितकी जास्त बोटं कापली तितके ते बेडूक नंतर कमी सापडतात, हे २००४ च्या एका अभ्यासात दिसलंय, आणि सॅलमँडरची (बेडकांचे शेपटीवाले नातेवाईक) तर बोटं परत उगवतात, म्हणजे कापलं तेही फुकट.

आधी पोटाचे फोटो काढून बघा. फायर-बेलीड टोडच्या पोटावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, तुमच्यातही तसं असेल तर सुई लावायचीच गरज नाही, फक्त पिल्लांची नक्षी मोठं होताना बदलू शकते म्हणून त्यांचे फोटो अधूनमधून नव्याने घ्या.

चिपला बॅटरी नसते, रीडर जवळ नेला की नंबर दिसतो, एकदम सोपं. पण नेहमीची १२ मिमीची आणि लहानातली ८ मिमीची, आता किहान्सी टोडसारखा (२००९ मध्ये निसर्गातून नामशेष जाहीर झालेला, पैदाशीमुळे टिकलेला) जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटरचा जीव असेल तर त्याच्या अंगात ती कुठे घालणार?

अशा छोट्यांना इलास्टोमर. दोन द्रव मिसळून कातडीखाली बारीक रेघ सोडायची, ती आत रबरासारखी घट्ट होते आणि खास निळ्या-जांभळ्या उजेडाच्या टॉर्चखाली चमकते. चार पाय, तीन रंग, काही पाय कोरे ठेवले तरी २५५ वेगळ्या खुणा होतात, तुम्हाला भरपूर झाल्या. लाल आणि नारिंगी मात्र एकत्र घेऊ नका, घाईत हमखास गोंधळ होतो. खरी भानगड पुढेच आहे, बेडकाची कातडी अंगाला घट्ट चिकटलेली नसते, खाली लिंफ नावाच्या द्रवाच्या पिशव्या असतात, त्यामुळे मांडीतली रेघ सरकत सरकत भलतीकडेच जाते आणि मग तुमचा १७ नंबर अचानक ३२ होऊन बसतो! म्हणून खूण केली तरी पोटाचे फोटो डिलीट करू नका.

खूण करताना लागणारी भूल डॉक्टरांनाच देऊ द्या, एमएस-२२२ या भुलीच्या औषधाचं पाणी आम्लधर्मी होतं, त्यात खाण्याचा सोडा घालून ते न्यूट्रल करावं लागतं. आणि दर बेडकाला नवे ग्लोव्हज, कायट्रिड बुरशी (बेडकांच्या कातडीचा जीवघेणा रोग) एकाकडून दुसऱ्याकडे तशीच जाते.