गच्चीवरचे ४६ आणि बातम्यांतले ४०

प्रश्न : गच्चीच्या कठड्यावर डिजिटल थर्मामीटर लावलाय. भर दुपारी तो ४६ दाखवतो आणि बातम्यांत ४० सांगतात. हवामान खातं आकडे लपवतं असं ग्रुपवर सगळे म्हणतात, खरं काय?

उत्तर : लपवालपवी वगैरे काही नाही हो. थर्मामीटर कुठलाही घ्या, तो बिचारा स्वतःचं तापमान सांगतो. उन्हात ठेवला की तो स्वतःच तापणार, वर कठड्याच्या सिमेंटची धग, मग ४६ नाही दाखवणार तर काय. हवेचं तापमान हवं असेल तर त्याच्यावर ऊन पडता कामा नये आणि वारा मात्र खेळता हवा, हे दोन्ही एकदम जमवणं हीच सगळी कसरत. म्हणून वेधशाळेत पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी असते, स्टीव्हन्सन स्क्रीन, चारी बाजूंना तिरप्या पट्ट्या, आतला थर्मामीटर जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, खाली शक्यतो गवत. दारसुद्धा आपल्या उत्तर गोलार्धात उत्तरेकडे, म्हणजे रीडिंग घ्यायला उघडलं तरी ऊन आत शिरत नाही. हे डोकं थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश इंजिनियरचं, १९व्या शतकातलं, आणि आजच्या ऑटोमॅटिक स्टेशनवर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या थाळ्या एकावर एक रचलेल्या दिसतात ना, तीही तीच युक्ती.

त्याच पेटीत दुसरा एक थर्मामीटर असतो, त्याच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलेलं. पाणी उडतं तसा तो थंड पडतो आणि दोघांतल्या फरकावरून आर्द्रता काढतात. मलमल मळलं किंवा सुकलं की तो पुरेसा थंडच होत नाही आणि हवा आहे त्यापेक्षा दमट दिसायला लागते, एवढ्याशा चिंधीवर सगळं अवलंबून!

प्रश्न : पाऊस मोजायला बादली चालेल का?

उत्तर : बादली नको, ती खाली निमुळती असते, रुंद तोंडाने गोळा केलेलं पाणी अरुंद तळात साठतं आणि पाऊस उगाच जास्त दिसतो. सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा घ्या आणि आत पट्टी धरा. १ मिमी म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर, त्यामुळे डबा लहान की मोठा याने आकडा बदलत नाही. भिंत किंवा झाड जेवढं उंच असेल त्याच्या निदान दुप्पट लांब ठेवा. रोज सकाळी ठरल्या वेळी मोजा आणि लगेच ओतून टाका, ऊन पडलं तर त्यातलं थोडं उडून जातं.