वाचकांचे प्रश्न : निकॉन झेड५०-टू घ्यावा की नाही?

निकॉनने नोव्हेंबर २०२४मध्ये झेड५०-टू हा एपीएस-सी सेन्सरचा, म्हणजे आपल्या बोलीतला ‘क्रॉप सेन्सर’ (फुल फ्रेमहून लहान सेन्सर) मिररलेस, आत आरसा नसलेला कॅमेरा जाहीर केला. सध्या येणाऱ्या पत्रांत त्याच्याबद्दलच विचारणा जास्त आहे. त्यांतल्या काही पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : माझ्याकडे निकॉनचा डी५३०० आहे. सोबत १८-१४० मिमी एएफ-एस, ३५ मिमी एफ/१.८ जी आणि ५० मिमी एफ/१.८ डी. हलका कॅमेरा हवा म्हणून झेड५०-टू घेण्याचा विचार आहे. पण त्यात २०.९ मेगापिक्सेल आणि माझ्याकडच्यात २४.२. म्हणजे पैसे घालून मागे जायचं का? जुन्या लेन्स तरी चालतील का? – एक वाचक, सातारा

वजनासाठी घेत असाल तर आधी आकडे बघा. बॅटरी आणि कार्ड धरून डी५३०० भरतो ५३० ग्रॅम, झेड५०-टू ५५०. बॉडीत काहीच वाचत नाही. वाचतं ते लेन्समध्ये. तुमची १८-१४० सुमारे ४९० ग्रॅमची आहे, झेड माउंटची (या नव्या कॅमेऱ्यांच्या जोडणीची) डीएक्स, म्हणजे क्रॉप सेन्सरसाठीची, १८-१४० ३१५ ग्रॅमची आणि किटमधली १६-५० फक्त १३५ ग्रॅमची, शिवाय मिटून चपटी होणारी. जुनीच लेन्स अॅडॉप्टरवर, म्हणजे ती नव्या बॉडीला जोडणाऱ्या एफटीझेड-टूवर लावलीत तर त्याचे १२५ ग्रॅम वर चढतात आणि तुमचं ओझं आजच्यापेक्षा वाढतं.

मेगापिक्सेलची काळजी सोडा. डी५३००चा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो, याचा ५५६८. फरक सात टक्क्यांचा. ३०० डीपीआयने छापलं तरी साडेअठरा बाय बारा इंचांहून थोडी मोठी प्रिंट निघते, म्हणजे ए३ कागद भरून वर थोडं उरतं.

खरा फायदा फोकसमध्ये आहे. डी५३००चे ३९ फोकस पॉइंट मधल्या भागात दाटलेले असतात. चेहरा कडेला ठेवायचा तर आधी फोकस, मग फ्रेम हलवणं आलंच. इथे जवळजवळ संपूर्ण फ्रेममध्ये कॅमेरा डोळा शोधतो आणि माणूस चालू लागला तरी धरून ठेवतो. व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो उजळ येणार की काळा, हेही बटण दाबण्याआधीच दिसतं. तोटा बॅटरीचा. डी५३०० एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीनुसार ६०० फोटो देतो, हा अडीचशेच्या घरात. दुसरी बॅटरी खरेदीच्या दिवशीच घ्या. जुन्या झेड५०ची ईएन-ईएल२५ यात चालते, पण तुमची ईएन-ईएल१४ चालणार नाही.

आता लेन्स. अॅडॉप्टरमध्ये फोकसची मोटर नसते. त्यामुळे ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे, म्हणजे एएफ-एस आणि एएफ-पी, त्यांचाच ऑटोफोकस चालतो. तुमच्या १८-१४० आणि ३५ या दोन्ही चालतील, १८-१४०चं व्हीआरसुद्धा (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय). ५० मिमी डी लेन्सचा फोकस मात्र हातानेच करावा लागेल (डी५३००वरही तेच करत असणार). तिची अॅपर्चर रिंग एफ/२२वर लॉक करा, फोकस पीकिंग चालू करा, धारदार कडांवर रंग चढतो त्यावरून फोकस जुळवा.

आमचा सल्ला असा. देवळं, डोंगर, सहलीचे ग्रुप फोटो एवढंच काढत असाल तर डी५३०० पुरेसा आहे. पळणारी मुलं, पक्षी, व्हिडिओ यांतलं काही असेल तर बदल अंगी लागेल. तेव्हा १८-१४० जुन्या बॉडीसोबत विकून टाका, अॅडॉप्टरच्या पैशांत थोडी भर घालून झेड डीएक्स २४ मिमी एफ/१.७ घ्या. एका ३५ मिमीसाठी अॅडॉप्टर बाळगण्यात राम नाही.

प्रश्न : भिगवणला पक्षी टिपायचे आहेत. १६-५० आणि ५०-२५० असा दोन लेन्सचा संच पुरेल का? आणि ‘बटण दाबण्याआधीचे फोटो’ घेण्याची जी सोय सांगतात, ती खरंच कामाची आहे का? – एक वाचक, इंदापूर

पक्षी कोणता यावर आहे. २५० मिमीवर ३० मीटर अंतरावरची फ्रेम साधारण १.९ मीटर उंच असते. मोठा रोहित उभा राहिला तर सव्वा ते दीड मीटर, म्हणजे फ्रेमचा दोन तृतीयांश भाग सहज भरतो. तेवढ्याच अंतरावर खंड्या बसला असेल तर तो फ्रेमच्या सातव्या हिश्शाएवढा दिसेल, त्याच्यासाठी दहा मीटरपर्यंत जावं लागतं. तेव्हा रोहितांचा थवा, चित्रबलाक, करकोचे यांच्यासाठी हा संच घेऊन निर्धास्त जा. छोट्या पक्ष्यांचं वेड लागलं की १८०-६०० लागते, आणि ती सुमारे दोन किलोची आहे. एक हंगाम ५०-२५०वर काढून मगच तिच्याकडे वळा.

होडीत बसल्यावर सेटिंग असं ठेवा: शटर प्रायॉरिटी (शटरचा वेग तुम्ही ठरवायचा, बाकीचं कॅमेरा), बसलेल्या पक्ष्याला १/८००, उडणाऱ्याला १/२०००. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो, कमाल ६४००. फोकस एएफ-सी (सतत जुळवत राहणारा), विषय ओळखण्यात ‘ऑटो’ न ठेवता थेट ‘पक्षी’ निवडा. मोकळ्या आकाशात थ्री-डी ट्रॅकिंग चांगलं धरतं. पाणवनस्पतीत उभ्या बगळ्यावर मात्र समोरच्या काड्या फोकस खेचतात, तिथे लहान वाइड-एरिया चौकट घेऊन डोक्यावर ठेवा. व्हीआर चालू असू द्या, होडी हलतेच. ऊन पाठीशी येईल अशी जागा नावाड्याला आधीच सांगून ठेवा. बॉडीच्या किमतीपेक्षा याने जास्त फरक पडतो.

ती सोय, म्हणजे प्री-रिलीज कॅप्चर, कामाची आहे, अटींसह. बटण अर्धं दाबून धरलं की कॅमेरा सेकंदाला ३० फोटो आतल्या आत घेत राहतो आणि पूर्ण दाबल्यावर आधीच्या एक सेकंदापर्यंतचे जपतो. खंड्या फांदीवरून सूर मारतो तो क्षण असाच सापडतो. आधीचा अर्धा सेकंद पुरतो, एक ठेवला की घरी निवडताना जीव जातो. अटी दोन. फोटो जेपेगच मिळतात, रॉ (नंतर उजेड सुधारता येणारी कच्ची फाइल) नाही, म्हणून उजेडाचा अंदाज जागेवरच अचूक हवा. पांढऱ्या बगळ्यावर एक्स्पोजर ०.७ ने खाली आणा, नाहीतर पिसं करपतात आणि नंतर काही करता येत नाही. दुसरं, ही सोय इलेक्ट्रॉनिक शटरवर चालते आणि या सेन्सरची माहिती ओळीओळीने वाचायला वेळ लागतो. वेगाने हलणारे पंख वाकडे येतात, कॅमेरा झटकन फिरवला तर मागची झाडं तिरकी होतात. उडत्या थव्यासाठी मेकॅनिकल शटरचा सेकंदाला ११ फोटोंचा वेगच वापरा.

प्रश्न : घरगुती कार्यक्रम, साखरपुडे, बारशी यांचे फोटो काढते. हॉलमध्ये फोटो दाणेदार येतात आणि कधी कधी आडवे काळे पट्टे उमटतात. झेड५०-टूने हे जाईल का? यासाठी फुल फ्रेमच घ्यायला हवा का? – एक वाचक, नाशिक

पट्टे आणि दाणे हे दोन वेगळे आजार आहेत.

पट्टे येतात सायलेंट मोडमुळे, त्यात इलेक्ट्रॉनिक शटर चालतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. इलेक्ट्रॉनिक शटर फोटो वरून खाली हळूहळू वाचतं, मधल्या वेळात दिव्याचा उजेड बदलतो आणि पट्टा पडतो. कॅमेरा बदलून हे जाणार नाही, सायलेंट मोड बंद करून जाईल. मग शटर १/१०० ठेवा आणि मेनूतलं फोटो फ्लिकर रिडक्शन चालू करा. स्टेजच्या रंगीत दिव्यांचं लुकलुकणं याहून वेगळ्या गतीचं असतं, तिथे एकदोन फोटो काढून पडद्यावर मोठे करून बघणं हाच उपाय.

दाण्यांचं कारण बहुधा किट लेन्स. १६-५० पन्नासला नेली की एफ/६.३ होते, म्हणजे उजेड कमी घेते. त्या उजेडात आयएसओ ६४०० लागत असेल, तर ४० मिमी एफ/२ लेन्सवर तेच काम साधारण ६४०ने होतं. फुल फ्रेमवर जाऊन मिळतो तो सव्वा स्टॉपच्या आतला फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). या लेन्सने सव्वातीन मिळतात, आणि ती १७० ग्रॅमची आहे. जागा अडचणीची असेल तर ४०ऐवजी २४ मिमी एफ/१.७ घ्या. दोन्हींत व्हीआर नाही आणि बॉडीतही सेन्सर स्थिर करणारी यंत्रणा नाही, पण माणसं हलतात म्हणून शटर १/१००च्या खाली न्यायचंच नसतं, त्यामुळे अडत नाही. दोन रांगांच्या ग्रुपला मात्र एफ/४ करा. एफ/२ला मागची रांग, म्हणजे नेमकी आजी-आजोबांची, अस्पष्ट येते.

अंगचा फ्लॅश आहे, पण लहान, गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचं माप) सुमारे ७. एफ/४ आणि आयएसओ ८००ला पाचेक मीटरपर्यंत पोचतो. लेन्सचं हूड काढून वापरा, नाहीतर फोटोच्या खालच्या भागात सावली पडते. मानधन घेऊन काम करत असाल तर एक गोष्ट मनाशी पक्की करा: कार्डाचा खाचा एकच आहे. एक मोठं कार्ड घेण्यापेक्षा ६४ जीबीची तीन घ्या, विधी बदलला की कार्ड बदला, आणि घरी दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय एकही पुसू नका. खाचा तळाशी बॅटरीच्या कप्प्यात आहे. ट्रायपॉडची मोठी प्लेट लावली तर झाकण उघडत नाही, तेवढी लहान निवडा.

प्रश्न : फक्त पाककृतींचे व्हिडिओ करायचे आहेत. निकॉन, कॅनन आर५०, सोनी झेडव्ही-ई१०-टू, फुजी एक्स-एम५ यांतला कोणता? – एक वाचक, ठाणे

तुमच्या कामाला निकॉन पहिला नाही. व्ह्यूफाइंडर आणि फ्लॅशचे पैसे तुम्ही उगाच भराल. शिवाय त्याचा फोर-के ६० फ्रेमचा व्हिडिओ बराच क्रॉप होतो, म्हणजे कडा कापल्या जातात. ओट्यावर कॅमेरा टांगून वरून घ्यायचं तर कढई फ्रेममध्ये मावत नाही. फोर-के ३० किंवा २५ला ही अडचण नाही.

आमची निवड एक्स-एम५. वजन ३५५ ग्रॅम, आडव्या दांड्यावर ताण कमी. ६.२-के ओपन गेटमध्ये सेन्सरची पूर्ण ३:२ फ्रेम मिळते, एकाच चित्रीकरणातून यूट्यूबचा आडवा आणि रीलचा उभा असे दोन्ही कापता येतात. सोनीची बॅटरी यांत सर्वांत मोठी आणि लेन्सची निवड भरपूर, पण त्यात मेकॅनिकल शटरच नाही. पुढेमागे फोटोही काढायचे असतील तर वर नाशिकच्या पत्रातले पट्टे तुमच्या वाट्याला येतील. आर५०ला हेडफोनची खाच नाही, आवाज ऐकत चित्रीकरण करता येत नाही.

कोणताही घेतलात तरी फ्रेम रेट २५, शटर १/५०, व्हाइट बॅलन्स हाताने पक्का. ऑटोवर सोडलात तर हळद पडताच अख्खा ओटा निळसर होतो. कॅमेरा टाइप-सी पीडी चार्जरवर चालवा. वाफेच्या थेट वर लेन्स धरू नका, जरा तिरकी ठेवा. लांबलचक टेक न घेता कृतीच्या टप्प्यांप्रमाणे तोडा, या लहान बॉडी तापतात.

प्रश्न : कोकणातल्या दमटपणात मिररलेस टिकतो का? – एक वाचक, रत्नागिरी

टिकतो, पण बुरशी लेन्सला धरते आणि धूळ सेन्सरला. झेड५०-टूमध्ये सेन्सर थरथरवून धूळ झटकण्याची सोय नाही, आणि लेन्स काढली की सेन्सर उघडाच असतो. कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून लेन्स बदला. धूळ दिसली तर हातपंपाने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, डबाबंद हवाही नको. साठवणीला ४० ते ५० टक्के आर्द्रतेची ड्राय कॅबिनेट उत्तम. नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. कातडी केसमध्ये महिनोन्महिने ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण.

प्रश्न : कास पठारावरची बारीक फुलं ५०-२५०ने जवळून का येत नाहीत? मॅक्रो लेन्स घ्यावीच लागेल का? – एक वाचक, कऱ्हाड

५०-२५० वस्तूला जास्तीत जास्त ०.२३ पट मोठं करते, म्हणजे सर्वांत जवळची फ्रेमसुद्धा दहा सेंटिमीटर रुंद असते. सीतेची आसवे ही फुलं सेंटिमीटरभराची, ती फ्रेमच्या दहाव्या हिश्शात दिसणारच. स्वस्त तोड म्हणजे ६२ मिमी आट्यांची, दोन काचा चिकटवलेली +२ डायॉप्टर (काचेची ताकद) क्लोज-अप लेन्स. ती पुढे लावून २५० मिमीवर फोकस अनंतावर ठेवलात तर फूल अर्ध्या मीटरवरून अर्ध्या पटीत येतं, फ्रेम पावणेपाच सेंटिमीटरची होते. एका काचेची स्वस्त मिळते, पण कडांना जांभळी झालर देते.

पूर्ण आकारात हवं असेल तर झेड एमसी ५० मिमी एफ/२.८ आहे. मात्र तिच्यासाठी फुलाच्या अगदी जवळ जावं लागतं आणि कासला पायवाट सोडून आत शिरायचं नसतं. अर्ध्या मीटरचं अंतर तिथे जास्त सोयीचं. एफ/११, १/२५०, आयएसओ ऑटो, आणि वारा पडेपर्यंत थांबा. सकाळी नऊच्या आत गेलात तर वारा आणि गर्दी दोन्ही कमी असतात.