प्रश्न तुमचे : तोटीच्या घटावरचा काळा रंग

प्रश्न : पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या उत्खननातली तांबडी, काळ्या नक्षीची भांडी पाहिली. इतक्या वर्षांत रंग उडाला कसा नाही? काही ठिकाणी बिननक्षीचं ठिगळ दिसतं. तिथली नक्षी का पुरी करत नाहीत?

उत्तर : ही जोर्वे पद्धतीची भांडी. संगमनेर तालुक्यातल्या प्रवराकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, त्यावरून हे नाव पडलं. इनामगावला ती साधारण इ. स. पू. १४०० ते ७०० या काळातली. नक्षी भाजण्याआधी काढलेली असल्यामुळे रंग भांड्याबरोबरच आव्यात पक्का झाला. अशा काळ्या रंगात सहसा लोखंडाची किंवा मँगनीजची खनिजं असतात, त्यामुळे तो उन्हानं विटत नाही.

त्याचा खरा वैरी क्षार. जमिनीतलं खारं पाणी खापराच्या छिद्रांत मुरतं. भांडं सुकलं की पृष्ठभागाखाली स्फटिक धरतात आणि रंगाचा पापुद्रा सुटतो. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की विरघळतं, खाली आली की पुन्हा गोठतं. आपल्या पावसाळ्यात हे सारखं घडत राहतं. म्हणून क्षार धुऊन काढावे लागतात. त्याआधी ओल्या कापसाच्या बोळ्यानं कोपऱ्यावर रंग तपासतात. रंग सुटला नाही आणि खापर भुसभुशीत नसलं, तरच ते क्षारविरहित पाण्यात ठेवतात. पाणी रोज बदलायचं. काढलेल्या पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यात उतरलेल्या क्षारांचं माप, उतरत जाऊन स्थिरावली की थांबायचं.

तुकडे पॅरालॉइड बी-७२ या राळेनं जोडतात, कारण चूक झाली तर ॲसिटोननं सांधा सोडवता येतो. मात्र ४० अंशांच्या आसपास ही राळ मऊ पडू लागते. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या जड घटाची तोटी अशीच खाली सरकते.

ठिगळ म्हणजे प्लास्टर. ते भरण्याआधी खापराच्या कडांना राळेचा हात देतात, नाहीतर प्लास्टरमधलेच क्षार आत शिरतात. भराव किंचित खोल आणि रंगानं थोडा फिका ठेवतात. तिथे नक्षी काढली, तर ती आपल्या अंदाजाची असेल आणि पुढचा अभ्यासक ती मूळची समजेल. रिकामी जागा रिकामी दिसणंच योग्य.

प्रश्न : आमच्या शेतात नांगरताना अशी खापरं निघतात. धुऊन, चिकटवून ठेवावीत का?

उत्तर : कृपा करून नको. चुन्याची पुटं काढायला बाथरूमचं ॲसिड तर मुळीच वापरू नका. खापरात चुना असेल तर तोही फसफसून निघतो. फेव्हिकॉलही नको, जुना झाल्यावर तो सहज सुटत नाही. खापरं सावलीत सुकू द्या, कागदी पिशवीत ठेवा, पिशवीवर गट क्रमांक, खोली आणि तारीख लिहा. जागा हरवलेल्या खापराची निम्मी माहिती गेलेली असते.

दोन घट तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले दिसले, तर नांगर तिथेच थांबवा. आतली माती उपसू नका. इनामगावला लहान मुलांची दफनं घरातल्या जमिनीखाली अशीच सापडली आहेत. त्या मातीत नाजूक हाडं असतात. तहसील कार्यालयात कळवा. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.