चीन-जपानवरील व्याख्यानमाला कशी आखावी?

प्रश्न : दादरच्या आमच्या वाचनालयातर्फे चीन व जपानच्या इतिहास-संस्कृतीवर व्याख्याने, एखादी कार्यशाळा आणि छोटे प्रदर्शन भरवण्याचा विचार आहे. मागे ऐकलेले अशा विषयावरचे व्याख्यान प्रवासवर्णनापलीकडे गेले नव्हते. विषय कसे निवडावेत? (एक वाचक)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. 'चीनची प्राचीन संस्कृती' असा ऐसपैस विषय दिला, की वक्ता राजघराण्यांची नावे सांगत दीड तास काढतो आणि श्रोत्यांना चहाचे वेध लागतात. त्यापेक्षा मुंबईचा या देशांशी जो रोकडा संबंध आला, तिथूनच सुरुवात करावी.

पहिले व्याख्यान अफूच्या व्यापारावर ठेवावे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे व्यापारी मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू चीनमधील कँटन (आजचे ग्वांगझू) बंदराला पाठवत. १८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन झेशू यांनी परदेशी व्यापाऱ्यांकडील अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या, त्यातून युद्ध पेटले आणि १८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेले. आपल्या शहरातील जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाशाळा जमशेटजींच्या ज्या संपत्तीतून उभी राहिली, तिचा एक मोठा ओघ याच व्यापारातून आला, हे सांगताना वक्त्याने आडपडदा ठेवू नये. श्रोत्यांपैकी कोणी दुखावले तर दुखावू द्यावे. जपानसाठी १८९३ हे वर्ष घ्यावे. त्या वर्षी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने जमशेदजी टाटांच्या सहकार्याने मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू केली आणि कापसाच्या वाहतुकीतील ब्रिटिश कंपनीच्या चढ्या भाड्याला आव्हान दिले.

प्रदर्शनासाठी ओळखीच्या पारशी कुटुंबाकडून जुनी गारा साडी, म्हणजे चिनी धाटणीच्या भरतकामाची पारशी साडी, मागता आली, तर तिच्याइतका बोलका पुरावा नाही. गडद रेशमावर बारीक टाक्यांनी भरलेले क्रौंच, फुले, पूल आणि छोटी चिनी माणसे पाहताना लोक आपसूक प्रश्न विचारू लागतात. मात्र ती खिळ्याला टांगू नये, घडीवर रेशीम विरते. टेबलावर सपाट पसरावी, दिवा मंद ठेवावा आणि फ्लॅशला मनाई करावी. चिनी मातीची भांडी व जपानी कलावस्तू पाहायच्या असतील, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंचा संग्रह आहे. व्याख्यानाआधीच्या रविवारी सभासदांना तिथे न्यावे.

कार्यशाळेसाठी ओरिगामीपेक्षा मी शाई-कुंचल्याचे सुलेखन सुचवीन. दगडावर पाण्यात शाई उगाळणे, कुंचला उभा धरणे आणि रेघांचा ठरलेला क्रम पाळणे, एवढ्यातच दोन तास जातात. शिकवणाऱ्याला प्रत्येकाचा हात पाहता यावा म्हणून पंधरा-वीस जणांवर नावे घेऊ नयेत, आणि शाई सांडणार हे गृहीत धरून सतरंजीऐवजी वर्तमानपत्रे अंथरावीत.